शब्दांची चौकशी: एप्रनचा ‘न’ गेला कुठे?

प्रश्न : उद्यमबागेतल्या फाउंड्रीत ओतकामाला आम्ही चामड्याचा एप्रन बांधतो. हा शब्द आधी ‘नाप्रन’ होता म्हणे. मग ‘न’ गेला कुठे? – एक वाचक, बेळगाव

उत्तर : गेला नाही, शेजाऱ्याला चिकटला. इंग्रजीत एकवचनी नामाआधी ‘अ’ लागतो. नाम स्वराने सुरू होत असेल तर ‘अन्’. आता ‘अ नाप्रन’ भरभर म्हणा, मग ‘अन् आप्रन’ म्हणा. कानाला काही फरक कळतो का? मध्ययुगात शब्द बहुतेकांच्या कानावरच पडायचा, आणि लिहिणाराही ऐकलं तसं तोडून लिहायचा. 14व्या शतकाच्या सुरुवातीला हा शब्द ‘न’सकट दिसतो, 15व्या शतकात बिन‘न’चं रूप येऊ लागतं. ‘दोन नाप्रन’ म्हटलं तर असा घोटाळा होत नाही. तो ‘अ’ लागतो तिथलाच. म्हणून त्या काळच्या याद्या चाळताना शब्द ‘ए’खाली मिळाला नाही, तर ‘एन’खाली बघावा.

फ्रेंच ‘नाप’ म्हणजे टेबलावर अंथरायचं कापड, नाप्रन म्हणजे त्याचंच धाकटं भावंड. तुमचा चामडी एप्रन जन्माने कापडी! ‘नाप’च्या मागे लॅटिन ‘माप्पा’ आहे. फ्रेंचमध्ये येताना ‘म’चा ‘न’ झाला. ‘नॅपकिन’ याच घरातला, पण त्याचा ‘न’ शाबूत राहिला. ‘मॅप’सुद्धा ‘माप्पा’चाच.

प्रश्न : असे आणखी शब्द आहेत का? – एक वाचक, निपाणी

उत्तर : आहेत. सुताराचं ऑगर, म्हणजे आपलं गिरमिट (खायचं नव्हे, भोक पाडायचं), जुन्या इंग्रजीत ‘नाफोगार’ होतं. ‘ॲडर’ हा विषारी सापही तसाच. जर्मनीत त्या नावात ‘न’ अजून आहे. अंपायर तर फ्रेंच ‘नॉनपेर’ : ज्याला जोड नाही तो, म्हणजे दोघांच्या वादातला तिसरा.

उलटही घडलं. ‘अन् एकनेम’, म्हणजे जादा नाव, याचं ‘अ निकनेम’ झालं. आपण त्याला टोपणनाव म्हणतो.

‘ऑरेंज’ मात्र या यादीत घालताना सांभाळा. नारंगाचा ‘न’ गळाला हे खरं, पण इंग्रजीत नव्हे; फळ तिथे पोचण्याआधीच फ्रेंच-इटलीकडे तो पडला होता.