थायलंडच्या व्हिसाने कुणी एनआरआय होत नाही

प्रश्न : मॅडम, मी पुण्यातल्या सॉफ्टवेअर कंपनीत आहे, पगार वर्षाला अठरा लाख. काम कोल्हापुरातून, घरूनच. ऑगस्टपासून सहा महिने चियांग माईला राहून तेच काम करायचा विचार आहे. थायलंडचा पाच वर्षांचा व्हिसा मिळतो म्हणे. मग मी एनआरआय होईन ना? कंपनीला टीडीएस थांबवायला सांगू का? आणि तिकडे टॅक्स भरावा लागेल का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : टीडीएस थांबवायला सांगू नका, एचआरमध्ये उगाच हसं होईल.

तुम्ही म्हणता तो डीटीव्ही, म्हणजे ‘डेस्टिनेशन थायलंड व्हिसा’. 2024च्या जुलैत सुरू झाला. पाच वर्षं ही व्हिसाची मुदत. एका वेळी राहता येतं 180 दिवस. आता साधी वजाबाकी करा. 365 वजा 180, उरले 185. आर्थिक वर्षात 182 दिवस भारतात भरले की आयकर खात्याच्या लेखी तुम्ही इथले रहिवासी. ऑगस्ट ते जानेवारी एकाच आर्थिक वर्षात येतात, म्हणजे विषय संपला.

मध्ये व्हिएतनामला जाऊन, पुन्हा थायलंडमध्ये शिरून दिवस वाढवले तर? तरीही सुटका नाही. वर्षात 60 दिवस इथे आणि आधीच्या चार वर्षांत मिळून 365 दिवस, एवढंही पुरतं. परदेशात नोकरीला जाणाऱ्यांना यातून सवलत आहे हे खरं. पण कोल्हापुरातला लॅपटॉप चियांग माईच्या टेबलावर ठेवणं म्हणजे परदेशी नोकरी, हे अधिकाऱ्याला पटवायची जबाबदारी मी तरी अंगावर घेणार नाही. तेव्हा पूर्ण पगारावर कर इथेच.

थायलंडचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर. त्यात 180 दिवस भरले की तुम्ही तिथलेही कर-रहिवासी, आणि 2024पासून अशांनी बाहेरची कमाई तिथे आणली की ती करपात्र होते. तुमचा मुक्काम दोन कॅलेंडर वर्षांत विभागला जातोय, हे नकळत छान जमलंय. जानेवारीत जाऊन जुलैपर्यंत राहणारे या नियमात अडकतात. थाई भूमीवर बसून केलेल्या कामावर त्यांचा कायदा हक्क सांगू शकतो, पण एकाच कमाईवर दोनदा कर पडू नये म्हणून दोन्ही देशांत करार आहे. मुक्काम थोडा, मालक भारतातला आणि पगाराचा बोजा तिथल्या कुठल्या शाखेवर नाही, तर सहसा कर पडत नाही. तुमच्या कंपनीचं बँकॉकला ऑफिस आहे का, ते मात्र आधी विचारा.

व्हिसासाठी खात्यात पाच लाख बाट दाखवावे लागतात, साधारण चौदा लाख रुपये. अर्ज ऑनलाइन, थायलंडबाहेर असतानाच करायचा. थाई कंपनीचं काम या व्हिसावर चालत नाही.

आणि कंपनीचं पत्र. माझ्या एका अशिलाला त्याच्या मॅनेजरने व्हॉट्सअ‍ॅपवर नुसता अंगठा पाठवला होता. तो वकिलातीला दाखवणार कसा? लेटरहेडवर, सहीनिशी, ‘परदेशातून काम करण्यास परवानगी’ असं स्पष्ट लिहून घ्या. बहुतेक कंपन्या इथेच हात आखडता घेतात, कारण तुमच्यामुळे तिकडे त्यांच्यावरच कर लागेल का, ही त्यांची धास्ती. ती अगदीच खोटी नाही.

पोहोचल्यावर घरमालकाने 24 तासांत तुमची नोंद केली का ते पाहा, त्याला टीएम-30 म्हणतात. सलग 90 दिवस झाले की पत्ता पुन्हा कळवायचा.

प्रश्न : मुलगी वर्षभर दुबईत राहून मुंबईच्या कंपनीचं काम करते. पगार ठाण्याच्या बचत खात्यात येतो. दुबईत कर नाही, मग इथे का कापतात?
– एक आई, ठाणे

उत्तर : ताई, कारण पगार पहिल्यांदा भारतात हातात पडतो. एनआरआयलाही भारतात मिळालेल्या उत्पन्नावर कर आहे. दुबईच्या खात्यात घेऊन मग घरी पाठवला असता तर गोष्ट वेगळी. भारत-अमिराती कर-करारातून सवलत मागता येते, पण त्यासाठी अमिरातीचं कर-रहिवासी प्रमाणपत्र लागतं. ते तिने काढलंय का, आज फोनवर विचारा. आणि नुसतं बचत खातं चालू ठेवलं असेल तर बँकेत जाऊन ते एनआरओ, म्हणजे एनआरआयसाठीचं रुपयांतलं खातं, करून घ्यायला सांगा.