ग्रामीण भागात तीन-चार संस्थांनी एकत्र येऊन रोजगार खरंच वाढतो का?

वाढतो, पण नुसत्या मीटिंगा घेऊन आणि करारावर सह्या करून नाही. बहुतेक वेळा काय होतं, एक संस्था शिवणकाम शिकवते, दुसरी कर्ज देते, तिसरी मार्केटिंग बघते, आणि कुणाचा कुणाला पत्ता नसतो, मग तीच बाई तिन्ही रिपोर्टांत लाभार्थी म्हणून मोजली जाते आणि तिच्या मालाला गिऱ्हाईक मात्र एकही नाही. म्हणून आधी एकच धंदा किंवा पीक पकडा, विक्री कुठे अडते ते बघा आणि तिथून मागे येत कामं वाटून घ्या. समन्वयाला पगारी माणूस हवाच. खरी गोची इथेच आहे, फंडर ट्रेनिंगला पैसे देतात, या पगाराला नाही म्हणतात..

युरोपात १९९१ पासून लीडर नावाची योजना चालू आहे, त्यात स्थानिक संस्था, धंदेवाले आणि सरकारी लोक मिळून गट करतात, पैसे कुठल्या कामाला द्यायचे ते गटच ठरवतो आणि २०१४ ते २०२० च्या नियमांत एकाच बाजूकडे ४९ टक्क्यांपेक्षा जास्त मतं नकोत असं ठेवलं होतं. असलं काहीतरी तुमच्या करारात घालाच, नाहीतर मोठी संस्था बाकीच्यांना गुंडाळून ठेवते.