वाचकांचे प्रश्न : छडीच्या जागी काय?

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या पहिली ते सातवीच्या शाळेत मुख्याध्यापिका आहे. विद्यार्थ्यांच्या सकारात्मक वर्तनाविषयीची एक दिवसाची कार्यशाळा आमच्या सर्व शिक्षकांनी केली. तरीही आठवडाभरात ओरडणे आणि मुलांना वर्गाबाहेर उभे करणे पुन्हा सुरू झाले. ‘छडी गेली, तसा धाकही गेला,’ असे सहकारी म्हणतात. प्रशिक्षण कमी पडले, की शिक्षकांची इच्छा?

उत्तर : इच्छेला दोष देऊ नये, असे मला मनापासून वाटते. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना मनाई केली आणि ते योग्यच झाले. परंतु शिक्षेच्या जागी नेमके काय करायचे, याचा सराव शिक्षकांना क्वचितच मिळाला. ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स या अमेरिकी अभ्यासकांनी शिक्षक-प्रशिक्षणाविषयी मांडलेला मुद्दा येथे नेमका लागू पडतो : व्याख्यान, प्रात्यक्षिक आणि सभागृहातला सराव एवढ्यावर थांबल्यास फारच थोडे वर्गापर्यंत पोहोचते, सहकाऱ्याने प्रत्यक्ष वर्गात सोबत केली, तरच नवी पद्धत अंगवळणी पडते.

म्हणून पुढचे प्रशिक्षण आपल्याच शाळेत करावे आणि त्यासाठी दिवसातली एकच वेळ निवडावी, उदाहरणार्थ मधल्या सुट्टीनंतरची पहिली दहा मिनिटे. एका शिक्षकाने शिकवावे, दुसऱ्याने मागे बसून तीन गोष्टी टिपाव्यात : गडबडीच्या अगदी आधी काय घडले, मुलाने काय केले आणि त्यातून त्याला काय मिळाले. तिसरी नोंद सर्वांत मोलाची असते. प्रकट वाचन सुरू झाले की शेजाऱ्याची वही ओढणारा मुलगा दर वेळी वर्गाबाहेर पाठवला जात असेल, तर आपण ज्याला शिक्षा समजतो ती त्याच्यासाठी वाचनापासून सुटका असते, आणि म्हणूनच तो उद्याही वही ओढणार. अशा मुलाला आदल्या दिवशी दोनच ओळी देऊन सोबत्याबरोबर त्यांची तयारी करू दिली आणि दुसऱ्या दिवशी तेवढ्याच वाचायला सांगितल्या, तर वही ओढण्याचे कारणच कमी होते. त्याचे वाचन मागे का राहिले, हा प्रश्नही मग आपोआप पुढे येतो, आणि खरे काम पुष्कळदा तेथेच असते.

कौतुकाचाही सराव करावा लागतो. नुसत्या ‘शाब्बास’पेक्षा ‘न सांगता वही काढून बसलीस, हे छान केलेस’ हे वाक्य मुलीला पुढच्या वेळी काय करायचे ते सांगते. १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या मॅडसन, बेकर आणि थॉमस यांच्या अभ्यासात केवळ नियम सांगून मुलांच्या वर्तनात फारसा फरक पडला नव्हता; चांगल्या वर्तनाचे कौतुक आणि किरकोळ गैरवर्तनाकडे दुर्लक्ष यांची जोड दिल्यावर तो पडला. अर्थात मारामारी किंवा जातीवरून चिडवणे यांकडे कधीही दुर्लक्ष करू नये. तेथे शांतपणे, पण तत्काळ थांबवावेच लागते.

वेळेची अडचण खरी आहे, विशेषतः एका शिक्षकाकडे दोन इयत्ता असतात तेथे. निरीक्षणाला जाणाऱ्या शिक्षकाचा वर्ग त्या दहा मिनिटांपुरता आपण स्वतः घ्यावा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० शिक्षकांकडून दरवर्षी किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा करते. अशा निरीक्षणावरील चर्चेसाठी शिक्षण परिषदेत, म्हणजे आसपासच्या शाळांतील शिक्षकांच्या एकत्रित बैठकीत, अर्धा तास मिळावा, अशी विनंती या शाळांचे काम पाहणाऱ्या केंद्रप्रमुखांना जरूर करावी.

एक पथ्य मात्र पाळावे : निरीक्षणाचा कागद त्या दोन शिक्षकांमध्येच राहावा. तो शिक्षकाच्या कामाचे मूल्यमापन करणाऱ्या गोपनीय अहवालापर्यंत पोहोचेल अशी शंका जरी आली, तरी कोणीही आपला अवघड तास सहकाऱ्याला दाखवणार नाही.