सुईने फुफ्फुस फुटेल का?

"फुफ्फुसात सुई घातली की ते फुटतं म्हणतात. खरं का ताई?" बायोप्सीची, म्हणजे सुईने गाठीचा छोटा तुकडा काढून तपासण्याची, तारीख मिळालेले बहुतेक जण मला हेच विचारतात. गेल्या हिवाळ्यात 67 वर्षांच्या एका काकांनी विचारलं, मुलगा शेजारी होता.

खोटा धीर मी देत नाही. सुई आवरणातून आत जाते तेव्हा फुफ्फुसातली हवा गळून छातीच्या पोकळीत साठू शकते. सीटी स्कॅनवर बघत केलेल्या बायोप्सीत साधारण चार-पाच जणांत एकाला असं होतं. बहुतेकांची हवा आपोआप जिरते, ती काढायला छातीत नळी थोड्यांनाच घालावी लागते. थुंकीतून जरासं रक्तही पडू शकतं.

धोका मात्र सगळ्यांना सारखा नसतो. गाठ लहान किंवा खोलवर असेल, सुई पुन्हा पुन्हा टोचावी लागली, तर तो वाढतो. धुराने फुफ्फुस आधीच पोकळ झालं असेल तर फारच.

"विडी ओढता?"

"कधीच नाही."

बोटं पिवळी होती. मी मुलाला केसपेपर आणायला पाठवलं. तो बाहेर पडताच काका हळूच म्हणाले, "40 वर्षं झाली. रोज एक बंडल. पोराला सांगू नका."

मग मी त्यांची गोळ्यांची पिशवी मागितली. त्यात रक्त पातळ करणारी गोळी निघाली, अँजिओप्लास्टीनंतरची. "हृदयाची गोळी फुफ्फुसाच्या डॉक्टरांना कशाला सांगायची?" असं त्यांना वाटलं होतं. ती चालू ठेवली तर रक्तस्रावाची भीती, मनाने बंद केली तर स्टेंट, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवलेली जाळी, बुजण्याची. दोन्ही डॉक्टर एकमेकांशी बोलले आणि तारीख आठवडाभर पुढे गेली. एवढ्या एका पिशवीसाठी मी प्रत्येकाच्या मागे लागते.

सुई आत असताना खोकायचं नाही, बोलायचं नाही. श्वास रोखायचा सराव आम्ही माझ्या खोलीतच केला.

बायोप्सीनंतर एक्स-रेत थोडी हवा दिसली. ऑक्सिजन लावून त्यांना रात्रभर ठेवलं. सकाळी हवा वाढलेली नव्हती, म्हणून घरी सोडलं. एकदम धाप लागली, छातीत दुखलं किंवा रक्त वाढलं तर लगेच परत या, असं मी दोघांना बजावलं.

"गव्हाला पाणी कधी देऊ?" काकांनी विचारलं.

"हा आठवडा फावडं मुलाच्या हातात द्या. तुम्ही बांधावर बसा."

"बांधावर बसलं की विडीची आठवण येते," ते मुलासमोरच बोलून गेले.