टॉर्बर्नाइट फिका का पडतो?

प्रश्न : संग्रहातल्या टॉर्बर्नाइटचे पाचूसारखे हिरवे स्फटिक दोन वर्षांत फिके, धुरकट झाले आणि डबीत हिरवी पूड पडू लागली. किरणोत्सर्गामुळे दगड झिजतोय का? पाण्यात भिजवला तर पूर्ववत होईल?

उत्तर : किरणोत्सर्गाचा इथे दोष नाही. दगडातलं पाणी उडून गेलंय.

टॉर्बर्नाइट हे तांबं आणि युरेनियम यांचं फॉस्फेट. युरेनियम आणि फॉस्फेटचे पातळ थर एकावर एक रचलेले असतात. मधल्या फटींत तांबं आणि पाण्याचे रेणू बसतात. सूत्रामागे पाण्याचे १२ रेणू. कोरड्या हवेत, दिव्याच्या उबेतही त्यातले साधारण चार निघून जातात आणि उरतो मेटाटॉर्बर्नाइट. थर जवळ येतात, स्फटिक आकसतो, तडकतो आणि अभ्रकासारखे पापुद्रे सुटतात. टॉर्बर्नाइटची चिठ्ठी लावलेले कितीतरी जुने नमुने प्रत्यक्षात मेटाटॉर्बर्नाइटच असतात. भिजवून तडे सांधत नाहीत, उलट सैल पापुद्रे सुटतात आणि ते पाणीही दूषित होतं.

जन्मापासूनच हे खनिज पाण्याचं. युरेनिनाइट या युरेनियमच्या मूळ खनिजातलं युरेनियम पाण्यात सहसा विरघळत नाही. पण प्राणवायू मिसळलेलं पाणी खडकात झिरपलं, की युरेनियमचं ऑक्सिडीकरण होऊन ते पाण्यात विरघळून वाहू लागतं. वाटेत तांबं आणि फॉस्फेट भेटलं, की भेगांमध्ये चौकोनी हिरव्या चकत्या जमतात. तांब्याऐवजी कॅल्शियम भेटलं तर पिवळा ऑट्युनाइट तयार होतो. ओळखायची खूण म्हणजे अतिनील दिव्याखाली ऑट्युनाइट झगझगीत पिवळा-हिरवा चमकतो, टॉर्बर्नाइट मात्र जवळजवळ निपचित राहतो, कारण तांबं ती चमक मारतं.

आता त्या पुडीकडे गांभीर्याने बघा. खनिजाच्या वजनात जवळपास ४७ टक्के युरेनियम असतं. त्यातून किरणोत्सर्गात बाहेर पडणारे अल्फा कण कागदानेही अडतात, पण पूड श्वासातून किंवा तोंडातून आत गेली तर तेच कण शरीराच्या आतून इजा करतात. म्हणून फुंकर मारू नका, कोरड्या ब्रशने झाडू नका. हातमोजे घालून ओल्या कागदाने पूड टिपा, कागद पिशवीत बंद करा, मग हात धुवा. नमुना घट्ट झाकणाच्या पारदर्शक डबीत, उन्हापासून आणि दिव्यांपासून लांब ठेवा. बंद डबीत युरेनियमपासून तयार होणारा रेडॉन हा किरणोत्सर्गी वायू साचतो, तेव्हा ती झोपायच्या खोलीत ठेवू नका आणि उघडायचीच झाली तर मोकळ्या हवेत उघडा. लहान मुलांच्या हाती तर ती मुळीच लागता कामा नये.