सी ड्राइव्ह भरून लाल झालाय? आधी हायबरनेशन बघ

भाऊ, घाबरू नको, आणि फॉरमॅटच्या मागे तर अजिबात लागू नको. सी ड्राइव्हमध्ये हायबरफिल डॉट सिस नावाची एक लपवलेली फाइल असते. हायबरनेट करताना, म्हणजे चालू काम तसंच जपून कॉम्प्युटर बंद करताना, रॅममधलं चालू काम विंडोज तिच्यात उतरवून ठेवतं. विंडोज 10 आणि 11 मध्ये ती साधारण रॅमच्या 40 टक्के असते. म्हणजे 8 जीबी रॅम असेल तर 3 जीबीच्या वर जागा कायमची अडकलेली.

ती फाइल हाताने उडवायला जाऊ नको. स्टार्टमध्ये सीएमडी (कमांड टाइप करायची काळी खिडकी) शोध, राइट क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' घे. नवखे इथेच चुकतात, साधंच उघडतात आणि मग परवानगी नाही म्हणून अडतं. आता इंग्रजीत टाइप कर: पॉवरसीएफजी, स्पेस, तिरकी रेघ आणि तिला चिकटून एच, स्पेस, ऑफ (powercfg /h off). एंटर. स्क्रीनवर काहीच उमटत नाही, कर्सर नुसता खालच्या ओळीवर येतो. झालं, हायबरनेट बंद आणि ती फाइलही गेली! ऑफच्या जागी ऑन दिलं की पुन्हा सुरू.

डेस्कटॉप असेल तर बिनधास्त कर. फास्ट स्टार्टअपही सोबत बंद होतं, चालू व्हायला जरा वेळ लागेल, एवढंच.

लॅपटॉपला मात्र थांब. बॅटरी संपत आली की हायबरनेटच काम वाचवतं. आमच्याकडे चोपड्याला उन्हाळ्यात लाइट गेली, मी हायबरनेट बंद करून लॅपटॉप स्लीपवर सोडलेला. बॅटरी संपली आणि सेव्ह न केलेला केळीच्या खर्चाचा सगळा हिशोब गेला. तू आधी डाउनलोड्स फोल्डर आणि रिसायकल बिन साफ कर, मग किती जागा झाली ते सांग.