वकील फाइल देत नाही, पैशांचा हिशेब देत नाही. रेरा-सेबीसारखं वकिलांवर सरकारचं नियंत्रण नाही का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वडिलांच्या नावावर असलेल्या परळच्या भाड्याच्या खोलीचा दावा धोबीतलावच्या स्मॉल कॉजेस कोर्टात, म्हणजे लघुवाद न्यायालयात चालू आहे. वकील फोन उचलत नाहीत. 'कोर्टखर्चासाठी' म्हणून घेतलेल्या रकमेची पावती नाही, आणि फाइल मागितली की 'आधी उरलेली फी आणा' असं उत्तर मिळतं. बिल्डरवर रेरा आहे, शेअर दलालावर सेबी आहे, मग वकिलाला विचारणारं कोणीच नाही का, असं तुम्ही विचारलं आहे.

मी मुंबईतच वकिली करते, त्यामुळे हा प्रश्न मला लागतो. नियंत्रणाचं पुढे सांगते. त्याआधी एक काम आज रात्रीच करा: केस अजून जिवंत आहे का ते बघा. ई-कोर्ट्सच्या ॲपवर किंवा संकेतस्थळावर केस नंबर, पक्षकाराचं नाव किंवा 16 अक्षरांचा सीएनआर नंबर टाकला की पुढची तारीख आणि मागच्या तारखांना काय झालं ते दिसतं. वकील तारखेला उभे राहिले नसतील, तर दावा गैरहजेरीत निकाली निघालेला किंवा वडिलांविरुद्ध एकतर्फी हुकूम झालेला असू शकतो. तो फिरवून घेण्याच्या अर्जाला मुदत साधारण 30 दिवसांचीच असते. मुदत टळली असेल तर उशीर माफ करण्याचा अर्ज जोडावा लागतो. वकिलाच्या चुकीची शिक्षा निर्दोष पक्षकाराला होऊ नये, असं सुप्रीम कोर्टाने 1981 मध्ये रफिक विरुद्ध मुन्शीलाल या खटल्यात म्हटलं आहे. पण अलीकडे कोर्टं हेही विचारतात की तुम्ही स्वतः केसची चौकशी केली होती का. म्हणून वाट बघत बसू नका.

आता फाइल. ती तुमची आहे. फी थकली म्हणून पक्षकाराची कागदपत्रं अडवून ठेवण्याचा हक्क वकिलाला नाही, हे सुप्रीम कोर्टाने 2000 साली आर. डी. सक्सेना यांच्या खटल्यात स्पष्ट केलं, आणि फाइल परत न करणं हे व्यावसायिक गैरवर्तन आहे असंही सांगितलं. फी खरोखर बाकी असेल तर वकिलांनी ती वसूल करायला कायद्याने जावं, फाइल ओलीस धरू नये. फाइल लेखी मागा, स्पीड पोस्टाने, आणि पोचपावती जपून ठेवा. त्याच पत्रात हिशेब मागा. पक्षकाराकडून आलेल्या पैशाचा हिशेब ठेवणं आणि मागितल्यावर त्याची प्रत देणं हे बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या, म्हणजे वकिलांच्याच देशपातळीवरच्या नियामक संस्थेच्या, नियमांनुसार वकिलावर बंधनकारक आहे. हे बऱ्याच पक्षकारांना माहीतच नसतं. मागायला संकोच वाटतो, वकील रागावतील अशी भीती वाटते, आणि नेमक्या त्या संकोचावर असे वकील जगतात.

नवा वकील नेमायला जुन्याची एनओसी, म्हणजे लेखी ना-हरकत, मिळत नाही म्हणून कितीतरी लोक अडकून पडतात. एनओसी मिळाली तर उत्तम, पण नाही मिळाली तरी कोर्टाच्या परवानगीने वकीलपत्र बदलता येतं. नवे वकील अर्ज करतील, तुम्ही पाठवलेलं पत्र त्याला जोडतील.

तक्रार करायची ती बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे. 1961 च्या ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम 35 खाली गैरवर्तनाची तक्रार घेण्याचा अधिकार या कौन्सिलला आहे. तक्रार मराठीत चालते, इंग्रजीची सक्ती नाही. दाव्याच्या अर्जासारखी सही आणि पडताळणी लागते, ठरलेली फी भरावी लागते. पुरावा म्हणून माझा आग्रह रोजनाम्याचा असतो. कोर्टातून रोजनाम्याच्या नकला काढा. कोणत्या तारखेला वकील हजर होते, कोणत्या तारखेला नव्हते, हे कोर्टाच्याच कागदावर लिहिलेलं असतं, आणि त्यापुढे 'मी तर येत होतो' हे टिकत नाही. पैसे यूपीआयने दिले असतील तर बँकेचा उतारा जोडा. रोख दिले असतील तर त्या सुमाराचे व्हॉट्सॲप संदेश शोधा. तक्रार फक्त तुमच्या वकिलावर करा. समोरच्या पक्षाच्या वकिलावरचा राग त्यात मिसळू नका. तशा एका प्रकरणात सप्टेंबर 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने तक्रार चालवली म्हणून खुद्द आपल्या बार कौन्सिललाच 50 हजार रुपयांचा खर्च भरायला लावला. वकिलांची फर्म असेल तर वकीलपत्रावर सही कोणाची आहे तेही बघून घ्या, कारण सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, माणसाला मिळते, फर्मला नाही. फोर्टातल्या नामांकित फर्मचं नाव कितीही मोठं असो, शिस्तभंगाच्या समितीपुढे उभा राहतो तो एकटा वकील.

ही समिती तिघांची असते, आणि तिघेही वकीलच असतात. कलम 36 ब प्रमाणे तक्रारीचा निकाल एका वर्षात लागला पाहिजे, नाहीतर प्रकरण दिल्लीला बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जातं. ही मुदत गांभीर्याने पाळा, असं सुप्रीम कोर्टाला डिसेंबर 2021 मध्ये बजावावं लागलं, यावरून प्रत्यक्षात काय चालतं ते समजा. एक चांगली गोष्ट अशी की वकिलाने मध्येच तुमच्याशी तडजोड केली किंवा तुमच्यावर दबाव आणून तक्रार मागे घ्यायला लावली, तरी तेवढ्या कारणाने चौकशी बंद करता येत नाही. समिती ताकीद देऊ शकते, काही काळ सनद निलंबित करू शकते, किंवा नाव यादीतून काढून टाकू शकते. निकाल पटला नाही तर 60 दिवसांत बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे अपील, त्यानंतर सुप्रीम कोर्ट.

पण या सगळ्यात तुम्हाला भरपाई कुठे मिळते? मिळत नाही, आणि माझा खरा आक्षेप इथेच आहे. वकिलाची सनद गेली तरी तुमची खोली परत येत नाही. पूर्वी लोक ग्राहक मंचात जायचे, 2007 साली राष्ट्रीय ग्राहक आयोगाने तो मार्ग मान्यही केला होता. मे 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने तो बंद केला: वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येत नाही. निष्काळजीपणासाठी दिवाणी दावा मात्र आजही करता येतो. केवळ वकील आहे म्हणून कोणाची जबाबदारी सुटत नाही, असं 1926 चा वकिलांच्या फीचा कायदाच सांगतो. पैसे घेऊन गिळंकृत केले असतील तर फौजदारी विश्वासघाताची तक्रारही होऊ शकते. पण एका दाव्यात होरपळलेल्या माणसाला 'दुसरा दावा लावा' हे सांगताना मला फार जड जातं.

मग सरकारनेच हे हातात का घेऊ नये? तुम्ही हे मनापासून विचारलं आहे, म्हणून मीही मनापासून सांगते: घेऊ नये. माझ्या पक्षकारांच्या विरुद्ध बाजूला बसलेला सगळ्यात मोठा पक्ष सरकारच असतं. म्हाडा, महापालिका, पोलीस, आयकर खातं यांच्याविरुद्ध उभ्या राहणाऱ्या वकिलाची सनद सरकारच्या हातात असेल, तर पक्षकाराने त्याच्यावर विसंबायचं कसं? आपल्या मुंबईतलंच उदाहरण घ्या. 1975 साली आणीबाणीत काही वकिलांनी नागरी स्वातंत्र्यावर बोलायला बंद सभागृहात परिषद ठरवली, एम. सी. छागला आणि माजी सरन्यायाधीश जे. सी. शहा त्यात बोलणार होते. पोलीस आयुक्तांनी परवानगी नाकारली. वकील हायकोर्टात गेले आणि नथवानी खटल्यात हायकोर्टाने तो आदेश रद्द केला. त्या दिवसांत सनदेची दोरी मंत्रालयात असती, तर ती याचिका दाखल करायला किती जण पुढे आले असते?

फार मागे जायलाही नको. फेब्रुवारी 2025 मध्ये केंद्राने ॲडव्होकेट्स ॲक्टच्या दुरुस्तीचा मसुदा काढला. त्यात बार कौन्सिल ऑफ इंडियावर सरकारचे सदस्य नेमण्याची आणि कौन्सिलला सरकारने निर्देश देण्याची तरतूद होती. देशभर वकिलांनी कामकाज बंद ठेवलं आणि काही दिवसांतच मसुदा मागे गेला. त्याच वर्षी ईडीने पक्षकाराला दिलेल्या सल्ल्याबद्दल ज्येष्ठ वकिलांनाच समन्स धाडले, तेव्हा ऑक्टोबरमध्ये सुप्रीम कोर्टाने तपास यंत्रणांना मर्यादा घातली. तुम्ही वकिलाला विश्वासाने जे सांगता ते गुप्त राहण्याचं संरक्षण मुळात तुमचं, पक्षकाराचं आहे, हे यातून लक्षात घ्या.

मात्र 'सरकार नको' म्हणून 'फक्त आम्हीच' हे उत्तर मला मान्य नाही. आम्ही वकील या प्रश्नावर रस्त्यावर उतरतो, आणि तुमच्यासारख्यांची तक्रार वर्षानुवर्षं पडून राहते तेव्हा गप्प बसतो, हे बरोबर नाही. इंग्लंडमध्ये 2007 च्या कायद्याने देखरेख करणारं स्वतंत्र मंडळ नेमलं आणि त्यात वकील नसलेल्यांचं बहुमत ठेवलं. वाईट सेवेच्या तक्रारींसाठी वेगळा लोकपाल आहे, तो नुकसानभरपाईही देववू शकतो. तसं काही इथे झालं पाहिजे. शिस्तभंग समितीत निवृत्त न्यायाधीश आणि वकिलीबाहेरची माणसं बसावीत, निकाल सगळ्यांना वाचता येतील असे प्रसिद्ध व्हावेत, आणि छोट्या नुकसानीची भरपाई तिथेच मिळावी. यातल्या एकाही गोष्टीला मंत्र्याची गरज नाही.

नव्या वकिलाची फी परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असेल तर वकील मोफत मिळतो. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि दिव्यांग यांना उत्पन्नाची अटही नाही. म्हणजे दाव्यात आईचं नाव असेल तर तिच्या नावाने अर्ज करता येईल. 15100 या क्रमांकावर फोन केला तर कुठे जायचं ते सांगतात.

इथे केस नंबर किंवा वकिलांचं नाव टाकू नका. ॲपवर शेवटचा हुकूम काय दिसतो आणि त्याची तारीख काय, एवढंच प्रतिक्रियेत लिहा. 30 दिवसांचं गणित कुठे उभं आहे ते लगेच सांगते.